पत्र्याच्या खोलीत सर्व्हर रॅक, बजेट १५ हजार: बंदिस्त करू की उघडाच ठेवू?

गिरणाकाठ (भडगाव), २ एप्रिल

राम राम मंडळी. गावात इंटरनेटचा छोटा धंदा आहे, चारशेच्या आसपास कनेक्शनं. सामान असं: ८ पोर्टची ओएलटी (फायबरवरून घरोघरी इंटरनेट पोहोचवणारं यंत्र), एक राउटर, दोन स्विच, फायबरची पेटी आणि बिलिंग व कॅमेऱ्यांसाठी एक जुना २यू सर्व्हर (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप). शिवाय इन्व्हर्टर आणि दोन ट्युब्युलर बॅटऱ्या. हे सगळं सध्या लोखंडी मांडणीवर एकावर एक रचलंय, बोहारणीच्या भांड्यांसारखं.

खोली १० बाय ८ फूट. भिंती विटांच्या, वर पत्रा, तोंड पश्चिमेला. आणि मुख्य म्हणजे शेजारी पिठाची गिरणी. सकाळी स्विच पुसला तर दुपारी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. गेल्या मे महिन्यात दुपारी तीनला ओएलटी दोनदा आपोआप बंद पडली. संध्याकाळी मॅच होती, फोन कसे आले ते विचारू नका.

तयार ४२यू रॅकचं कोटेशन ३८ हजार आलं. माझ्याकडे १५ आहेत. इथेच वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला तर चालेल का? पीठ अडवायचं तर पेटी बंद हवी, आणि बंद केली की आत भट्टी होणार. काय करू?

---

भरीतपुरी (जळगाव), २ एप्रिल

भाऊ, वेल्डिंगवाल्याकडे जायच्या आधी माझी फजिती वाचून जा.

पाच वर्षांपूर्वी एका कूलर बनवणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. माणूस कलाकार. त्याला सांगितलं, १९ इंची रॅक पाहिजे. आठ दिवसांनी पेटी तयार: राखाडी रंग, झरोके पाडलेले, दार असं की कडी लागल्याचा आवाजसुद्धा गोड. घरी आणून स्विच लावायला गेलो तर स्विच सरळ आरपार. दोन्ही कान, म्हणजे स्क्रू लावायचे बाजूचे पंख, आतच, टेकायला जागाच नाही. मिस्त्री म्हणाला, "साहेब, १९ म्हणजे १९ ना? टेप लावून बघा." टेप लावला, आतून आत बरोबर १९. त्याची काही चूक नव्हती.

१९ इंच हे माप यंत्राच्या दर्शनी पट्टीचं आहे, कानांसकट. म्हणजे ४८२.६ मिमी. दोन उभ्या पट्ट्यांमधली मोकळी जागा ४५० मिमी लागते, आणि डाव्या भोकाच्या मध्यापासून उजव्या भोकाच्या मध्यापर्यंत ४६५. उंचीत १यू म्हणजे ४४.४५ मिमी. भोकं सारख्या अंतरावर नसतात हेही लक्षात ठेवा: १५.९, १५.९, मग १२.७, आणि परत तेच. मिस्त्रीने सगळी भोकं सारख्या अंतरावर पाडली की पहिला स्विच बसतो, दुसरा रडतो, तिसरा बसतच नाही.

म्हणून भोकांच्या पट्ट्या तयार विकत घ्या. जळगावच्या गोलाणी मार्केटात विचारा, नाहीतर मुंबईहून मागवा. फक्त पेटी मिस्त्रीकडून करा.

---

पुणेकर_मूळचा_यावलचा, २ एप्रिल

एक टनाचा एसी बसवा आणि विषय संपवा.

---

गिरणाकाठ, २ एप्रिल

@पुणेकर, एसीला पैसे असते तर धागा कशाला काढला असता भाऊ? आणि वर पत्रा आहे. एसी गावाला थंडावा देईल.

@भरीतपुरी, बरं झालं सांगितलंत. मी उद्याच "१९ इंच" सांगायला निघालो होतो. खोटं नाही बोलत.

---

मिरचीवाला_नंदुरबार, ३ एप्रिल

पिठाचं काय घेऊन बसलात! आमच्याकडे या. पथारीवर मिरची वाळत घातली की मोसमभर हवेत तिखट असतं. एका व्यापाऱ्याच्या गोदामात कॅमेऱ्यांचा ६यूचा भिंतीवरचा रॅक होता, पंखा वरच्या बाजूला. फिल्टर नाही. दुरुस्तीला गेलेल्या पोराने दार उघडलं, आतल्या पंख्यावरची धूळ झटकायला तोंडाने फुंकर मारली. अर्धा तास पोरगं नळाखाली.

तात्पर्य: फुंकर मारू नका. ब्लोअर वापरा, तोही खोलीबाहेर नेऊन.

---

स्लॉटेड_अँगल, ३ एप्रिल

मी म्हणतो बंद करूच नका. हार्डवेअरच्या दुकानातून स्लॉटेड अँगल आणा, नट-बोल्टने चौकट उभी करा, पुढे पट्ट्या लावा. चार हजारांत काम. हवा चारी बाजूंनी खेळते. पीठ बसलं तर महिन्यातून एकदा झाडा. परदेशात तर लोक आयकियाच्या लाकडी टेबलाच्या पायांमध्ये सर्व्हर बसवतात, पायांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं म्हणून. आणि आपण पेटीवर इतका विचार करतोय.

---

खापरावरचे_मांडे (फैजपूर), ३ एप्रिल

@स्लॉटेड_अँगल, उघडं ठेवायचा अनुभव मी घेतलाय. आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत तीन वर्षं उघडी चौकट होती. धुळीचं मी निभावलं. पण एका रात्री पाल यूपीएसच्या बोर्डावर गेली. पाल गेली ती गेलीच, बोर्डही गेला. त्यानंतर पावसाळ्यात उंदराने लॅनच्या वायरी कुरतडल्या, तेही नेमक्या परीक्षेच्या आठवड्यात.

मग घरातलं जुनं लोखंडी कपाट कामाला लावलं. सासूबाईंचा आधी विरोध होता कारण ते त्यांच्या लग्नातलं. कपाटाची खोली जेमतेम दीड फूट, म्हणजे मोठा सर्व्हर मावत नाही, पण स्विच, मोडेम, छोटा संगणक आरामात. खालच्या कप्प्याला आणि माथ्याला कापून जाळी बसवली. एकच सांगते: कापलेल्या पत्र्याच्या कडांना रबरी पट्टी लावा. मी लावली नव्हती, डाव्या अंगठ्याला चार टाके आहेत. लॉकरचा कप्पा तसाच ठेवलाय, त्यात आता केज नट (पट्टीच्या चौकोनी भोकांत बसणारे नट) असतात.

---

वेल्डरपुत्र (एरंडोल), ४ एप्रिल

आमचं वडिलांपासून फॅब्रिकेशन आहे, म्हणून वजनाचं सांगतो. काम किलोवर ठरतं, त्यामुळे पेटी जितकी खोल तितका खिसा खोल.

धरा ६०० रुंद, ६०० खोल, ९०० उंच. सगळ्या बाजू मिळून २.८८ चौरस मीटर पत्रा. १८ गेज म्हणजे १.२ मिमी, त्याचे २७ किलो. आत २५ मिमीचा चौकोनी पाइप १६ गेजमध्ये, साडेआठ मीटर, म्हणजे आणखी १० किलो. एकूण ३७. त्यात १८यू बसतात, कारण १८यूची उंची ८०० मिमी. तुमचं सामान मोजलं तर सात-आठ यू होतंय, मध्ये मोकळी जागा सोडूनही पुरतं. ४२यूचं भूत डोक्यातून काढा.

पण तुमचा तो २यू सर्व्हर बहुतेक ७०० मिमीच्या वर लांब असणार. तो ठेवायचा तर पेटी हजार खोल लागेल. एका यंत्रासाठी सगळी पेटी वाढते, हे बघा.

अजून दोन गोष्टी. पट्ट्या वेल्ड करू देऊ नका. वेल्डिंगने पट्टी ओढली जाते, दोन मिमी सरकली की संपलं. लांबट भोकं पाडून बोल्टने आवळा. आणि मिस्त्रीला कागदावरचं माप देण्याऐवजी एक जुना बिघडलेला स्विच सोबत न्या. त्याच्यासमोर बसवून दाखवा. आमच्या वडिलांना ड्रॉइंग दिलं की ते चष्मा शोधतात. वस्तू दिली की काम सुरू.

---

भरीतपुरी, ४ एप्रिल

@वेल्डरपुत्र, स्विच सोबत न्यायची अक्कल मला पाच वर्षांपूर्वी कोणी दिली असती तर!

---

तापीमास्तर (धुळे), ४ एप्रिल

निवृत्त माणूस आहे, भौतिकशास्त्र शिकवायचो, म्हणून थोडं गणित. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

तुमचं सामान, सर्व्हर धरून, समजा ५०० वॅट ओढतं. जेवढी वीज आत गेली तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर येते. ती वाहून न्यायला किती हवा लागेल? वॅटला पावणेदोनने गुणा आणि हवा किती अंश तापलेली चालेल त्याने भागा. उत्तर सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. दहा अंश धरले तर ८८ सीएफएम. चार-पाच इंची दोन पंखे पुरेत.

आता खरी मेख. पंखा थंड करत नाही. तो फक्त खोलीतली हवा पेटीतून फिरवतो. खोलीत ४६ असेल तर पेटीतून ५६ बाहेर पडणार. त्यामुळे बंद की उघडी, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न छताचा आहे.

हिशोब करा. ८० चौरस फूट म्हणजे साडेसात चौरस मीटर पत्रा. मे महिन्यात भर दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर एक किलोवॅटच्या आसपास ऊन पडतं. म्हणजे तुमच्या डोक्यावर सात किलोवॅट आणि पेटीत अर्धा. त्या सातातलं सगळं खाली उतरत नाही, पण निम्मं उतरलं तरी तुमची ओएलटी बिचारी कोण? आधी पत्र्याला चुना मारा.

आमच्या आजोबांचं शिंदखेड्याकडे धाब्याचं घर होतं. मातीचं जाड धाबं. एप्रिलच्या दुपारी आत गोधडी घ्यावीशी वाटे. पत्रा आला, प्रतिष्ठा आली आणि झोप गेली.

---

केळीचा_घड (सावदा), ५ एप्रिल

इतका खल कशाला? आमच्याकडे केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर आहे. १७-१८ अंश, चोवीस तास. आणून ठेवा रॅक. भाड्यात रोज एक डझन केळी आम्हीच देऊ.

---

पुणेकर_मूळचा_यावलचा, ५ एप्रिल

मस्करी असली तरी सांगतो, तिथली आर्द्रता ९० टक्क्यांच्या पुढे असते. केळी पिकतील आणि सर्व्हर सडेल.

---

केळीचा_घड, ५ एप्रिल

मस्करीच होती भाऊ. पुण्याला गेल्यापासून तुम्ही फार सुकलात.

---

हतनूर (भुसावळ), ५ एप्रिल

मी साधा कूलर लावलाय. खिडकीत लोखंडी कूलर, समोर रॅक. तीन उन्हाळे काढले. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी की कूलर खोली तिशीच्या आसपास आणतो. लोक ओलाव्याला घाबरतात, पण ती हवा यंत्रात शिरून तापली की कोरडी होतेच ना?

---

तापीमास्तर, ५ एप्रिल

@हतनूर, तापल्यावर सापेक्ष आर्द्रता उतरते हे अगदी खरं. वर्गात असता तर एक मार्क जास्त दिला असता. पण दोन धोके. कूलरमधून वाऱ्याबरोबर बारीक थेंब उडतात, आणि आपल्या बोअरचं पाणी जड. थेंब सुकला की क्षार बोर्डावर राहतात. इथे तर शेजारी पीठ आहे. पीठ अधिक ओलावा म्हणजे कणीक. आणि जून उजाडला की तोच कूलर नुसता दमटपणा पसरवणार.

---

हतनूर, ५ एप्रिल

कणकेवर हरलो. पण झोत सरळ रॅकवर न सोडता भिंतीवर सोडला तर थेंब येत नाहीत, एवढं नोंदवतो. आणि भुसावळच्या माणसाला उन्हाळा शिकवू नका.

---

अहिरानी_बोल, ५ एप्रिल

काय भो, आमनं धुळं काय कमी शे का?

---

हतनूर, ५ एप्रिल

धुळ्याला पांझरा आहे, देवपुरात झाडं आहेत. आमच्याकडे रेल्वेचे रूळ आणि दीपनगर वीजकेंद्राच्या चिमण्या. भुसावळ बठ्ठासना बाप शे.

---

वीजतंत्री (चाळीसगाव), ६ एप्रिल

भांडण थांबवून कोणी बॅटऱ्यांकडे बघणार का? धागाकर्त्याने "ट्युब्युलर" लिहिलंय. त्यात ॲसिड-पाणी असतं, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. त्या कुठल्याही परिस्थितीत बंद पेटीत जाता कामा नयेत. पेटीबाहेर, जमिनीलगत, खिडकीजवळ. सीलबंद बॅटऱ्या असत्या तरी मी म्हटलं असतं बाहेर ठेवा, कारण २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना त्यांचं आयुष्य निम्मं होतं. पेटीतल्या उष्णतेत तीन वर्षांची बॅटरी वर्षभरात बसते.

दुसरं अर्थिंग. लोखंडी पेटी करताय म्हणजे ती अर्थ झालीच पाहिजे. रंगावरून बोल्ट आवळून अर्थिंग होत नाही. तिथला रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला. दार बिजागरीवर असतं, त्यालाही हिरवी लवचीक वायर वेगळी द्या. मग मीटर घेऊन न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट दिसतात ते बघा. दोन-तीनच्या वर असतील तर आधी वायरमन बोलवा, रॅक नंतर.

---

मिरचीवाला_नंदुरबार, ६ एप्रिल

फिल्टरचं कोणी बोललं नाही. पंखे हवा बाहेर फेकणारे लावले तर पेटी प्रत्येक फटीतून धूळ आत ओढते. उलटं करा. पंखे खाली पुढच्या बाजूला, आत ढकलणारे, त्यांच्यापुढे स्पंजचा फिल्टर. वर मागच्या बाजूला जाळी. आत दाब राहतो, फटीतून हवा बाहेर जाते, पीठ आत येत नाही. आणि पुढच्या रिकाम्या यूंवर पट्ट्या लावून जागा बंद करा, नाहीतर मागची गरम हवा फिरून परत पुढे येते. पत्रा नसेल तर पुठ्ठासुद्धा चालतो.

---

वीजतंत्री, ६ एप्रिल

पुठ्ठा नको. बाकी सगळ्याला +१.

---

काटकसर_आबा (शहादा), ७ एप्रिल

एक मूलभूत प्रश्न. चारशे कनेक्शनांच्या बिलिंगला आणि चार कॅमेऱ्यांना तो २यू सर्व्हर लागतो कशाला? असे जुने सर्व्हर काही काम नसताना २०० वॅट खातात. महिन्याला १४४ युनिट. ऑफिसांतून निघालेला एखादा मिनी पीसी घ्या, बसल्या जागी १५ वॅट. उष्णता कमी, पेटी उथळ, इन्व्हर्टर जास्त वेळ चालणार. वेल्डरपुत्राने वर पेटीच्या खोलीचं जे सांगितलं तेही सुटतं.

---

गिरणाकाठ, ७ एप्रिल

@काटकसर_आबा, खरं सांगू? तो सर्व्हर स्वस्तात मिळाला आणि चालू केला की विमानासारखा आवाज करतो. गिऱ्हाईक आलं की वाटतं, धंदा मोठा आहे. पण १४४ युनिट वाचून गप्प झालो.

सगळ्यांचे आभार. आता कामाला लागतो.

---

खापरावरचे_मांडे, २६ एप्रिल

धागाकर्ते कुठे गेले? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले की काय?

---

गिरणाकाठ, १९ मे

आलो. माहेरी नव्हतो, मिस्त्रीच्या दारात होतो. लग्नसराई, सगळ्यांना कूलर हवे, माझी पेटी सारखी मागे पडत गेली. बिघडलेला स्विच नेला होता. मिस्त्रीने तो तीन दिवस ठेवून घेतला, पण पट्ट्या पहिल्याच फटक्यात बसल्या. @वेल्डरपुत्र, वडिलांना नमस्कार सांगा.

पेटी ६०० बाय ६०० बाय ९००. मजुरी, पत्रा, रंग धरून ७,४००. पट्ट्या १,७००, दोन पंखे ९००, स्पंज आणि जाळी ३५०, केज नट ४५०, सॉकेटची पट्टी १,३००, अर्थिंगचं सामान ६००, आणि तापमान वाढलं की दुसरा पंखा सुरू करणारं छोटं सर्किट ३००. इथवर १३,०००. पत्र्याला दोन हात चुना ५००. वर फूटभर अंतर सोडून बांबूवर शेडनेट, शेतातलंच जुनं होतं, बांबू आणि मजुरी मिळून १,१००. एकूण १४,६००. उरलेल्या चारशेची शेवभाजी झाली.

मिनी पीसी वेगळा घेतला. त्याचा हिशोब घरात अजून सांगितलेला नाही.

काल दुपारी तीनला बाहेर ४४. खोलीत ४०, गेल्या वर्षी याच सुमाराला ४९ होतं. पेटीत जाणारी हवा ४०, मागून निघणारी ४८. सगळं मिळून भार २६० वॅट. ओएलटी एकदाही पडली नाही. माहितीपत्रकात तिला ५० पर्यंत मुभा आहे, तरी चाळीस मला जास्तच वाटतात.

केज नट बसवताना नखं गेली, हे कोणी का सांगितलं नाही?

---

तापीमास्तर, १९ मे

अभिनंदन! २६० गुणिले पावणेदोन, भागिले आठ अंश. म्हणजे तुमचे दोन्ही पंखे मिळून ५७ सीएफएम ढकलताहेत. खोक्यावर काय लिहिलंय बघा बरं.

---

गिरणाकाठ, १९ मे

एकेकावर ९०.

---

तापीमास्तर, १९ मे

मग १८० पैकी ५७. बाकीचं स्पंज आणि जाळीने खाल्लं. स्पंज शेवटचा कधी धुतला?

---

गिरणाकाठ, १९ मे

धुवायचा असतो?

---

मिरचीवाला_नंदुरबार, १९ मे

अरे देवा. दर रविवारी, भो. दोन स्पंज ठेवा, एक वाळत, एक पेटीत. ओला लावू नका.

---

भरीतपुरी, १९ मे

केज नटसाठी चपट्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर. एक कान आधी आत, मग दुसरा दाबायचा. माझी पण नखं गेली होती, म्हणूनच मुद्दाम सांगितलं नाही.

---

गिरणाकाठ, २० मे

स्पंज धुतला. पाणी दुधासारखं पांढरं निघालं. आज तीनला मागची हवा ४६ वर आली, म्हणजे दोन अंश उतरली. गिरणीवाल्या काकांना दाखवलं तर म्हणाले, "हे ज्वारीचं दिसतंय, गव्हाचं नाही."